प्रोग्रॅमर ‘कनेक्ट’ होत नाही? बदलून मागण्याआधी एवढे तपासा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

प्रकल्प सादर करायचे दिवस जवळ आले की नागपूरच्या बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडते: “भाऊ, हा प्रोग्रॅमर कनेक्टच होत नाही, बदलून द्या.” प्रोग्रॅमर म्हणजे संगणकातून चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारे छोटे उपकरण. दुकानदार कुरकुरत बदलून देतो. दुसराही तसाच वागतो. मग संशय चिपवर जातो आणि चांगली चिप डब्यात पडते. शेवटी “चायना माल असाच असतो” असा निकाल लागतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. माल स्वस्त असतो हे खरे, पण अडचण सहसा ड्रायव्हर (संगणकाला उपकरणाशी बोलू देणारे सॉफ्टवेअर), तारा किंवा क्लॉक (चिपला चालवणारे ठोके) यांपैकी एका ठिकाणी असते आणि मल्टिमीटर हाताशी असेल तर ती तासाभरात सापडते. पॉलिटेक्निक, अभियांत्रिकी आणि शाळांतल्या टिंकरिंग लॅबमधल्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर पत्र.

बोलतो आहे ते यूएसबीएएसपी या प्रोग्रॅमरबद्दल. दोन-तीनशे रुपयांना मिळणारी, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला दहा पिनांचा खोका असलेली ती छोटी पट्टी. तिची रचना जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी खुली ठेवली, त्यामुळे ती कोणीही बनवतो आणि प्रत्येक जण थोडी काटकसर करतो. आत एटीमेगा८ किंवा त्याच घराण्यातली चिप आणि १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (ठरावीक वेगाने ठोके देणारा भाग) असतो. ही पट्टी एटीमेगा३२८पी, एटीमेगा१६, एटीटायनी८५ अशा एव्हीआर घराण्यातल्या मायक्रोकंट्रोलर चिपांमध्ये प्रोग्रॅम भरते.

सर्वांत आधी हे ठरवा की संपर्क नेमका कुठे तुटला आहे. इथे दोन वेगळे दुवे आहेत: संगणक ते प्रोग्रॅमर आणि प्रोग्रॅमर ते चिप. एव्हीआरड्यूड हे संगणकावरचे प्रोग्रॅम भरायचे सॉफ्टवेअर दोन्हींसाठी वेगळा संदेश देते, पण लाल अक्षरे दिसली की मुले वाचायचेच थांबतात. ‘यूएसबी डिव्हाइस सापडले नाही’ अशा अर्थाचा आणि १६सी० व ५डीसी हे पट्टीच्या ओळख क्रमांकाचे आकडे असलेला संदेश आला, तर चिपचा काहीही संबंध नाही. चिप काढून ठेवा, ब्रेडबोर्ड (न डागता भाग खोचून सर्किट जोडायचा फळा) बाजूला सारा, दोष संगणकाच्या बाजूला आहे. ‘टार्गेट (म्हणजे ज्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा ती) उत्तर देत नाही’ असा संदेश आला, तर ड्रायव्हर ठीक आहे, पट्टीही जिवंत आहे, तेव्हा विंडोज पुन्हा टाकण्याच्या भानगडीत पडू नका. दोष तारांत, वीजपुरवठ्यात किंवा चिपच्या क्लॉकमध्ये आहे.

पहिली बाजू लवकर उरकते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून पट्टी लावा. यादीत काहीच हलले नाही तर दुसरे पोर्ट वापरून पाहा. हब मध्ये असेल तर काढा. पट्टी एक्स्टेन्शन केबलवर असेल तर ती केबल बदला, कारण फक्त चार्जिंगपुरत्या दोन तारा असलेल्या केबली आपल्याकडे भरपूर फिरतात. यूएसबीएएसपी हे नाव पिवळ्या त्रिकोणासह दिसले तर फक्त ड्रायव्हर हवा आहे. झॅडिग नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लिस्ट ऑल डिव्हायसेस’ चालू करा, यादीतून यूएसबीएएसपी निवडा आणि खाली ओळख क्रमांक १६सी० ०५डीसी हाच आहे ना ते नजरेखालून घाला. मग लिबयूएसबी-विन३२ किंवा लिबयूएसबीके निवडून ड्रायव्हर बसवा. क्रमांक पाहायला सांगतो आहे कारण घाईत कीबोर्ड किंवा माउस निवडला गेला तर त्याचा ड्रायव्हर जातो आणि तो काम करेनासा होतो. तसे झालेच तर डिव्हाइस मॅनेजरमधून ते उपकरण ड्रायव्हरसकट काढून पुन्हा जोडायचे.

लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, परवानगी लागते. ‘परमिशन डिनाइड’ आले तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या यंत्रणेचा) एका ओळीचा नियम लिहून पट्टी काढून पुन्हा लावा. दर वेळी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, काम चालते, पण ती सवय चांगली नाही.

इथेच एक फसवी जात भेटते. हुबेहूब तशीच पट्टी, पण ओळख क्रमांक ०३ईबी सी८बी४. तिच्या आतले फर्मवेअर (पट्टीच्या चिपमधला प्रोग्रॅम) वेगळे असते, ती विंडोजला एचआयडी (कीबोर्ड-माउसच्या वर्गातले) उपकरण म्हणून ओळख देते आणि ठरावीक चिनी सॉफ्टवेअरशीच बोलते. एव्हीआरड्यूडला ती कधीही सापडणार नाही, ड्रायव्हर कितीही बदला. तिच्यावर उपाय एकच: दुसरा चालू प्रोग्रॅमर घेऊन, जेपी२ हा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून, तिच्यात मूळ यूएसबीएएसपीचे फर्मवेअर भरणे. बर्डीवरच्या दुकानदारांनी विकण्यापूर्वी एकदा संगणकाला लावून हा क्रमांक पाहिला तर निम्मे भांडण मिटेल.

अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून काम करणाऱ्यांचा आणखी एक घोळ होतो. ते ‘पोर्ट’च्या यादीत कॉम पोर्ट शोधत बसतात. यूएसबीएएसपी कॉम पोर्ट तयारच करत नाही, तेव्हा तिथे काही दिसणार नाही आणि दिसायची गरजही नाही. ‘टूल्स’मध्ये प्रोग्रॅमर म्हणून यूएसबीएएसपी निवडायचा आणि नेहमीच्या बाणावर न दाबता ‘स्केच’ मेनूतले ‘अपलोड युजिंग प्रोग्रॅमर’ वापरायचे. मात्र असे केल्याने चिपमधला बूटलोडर (साध्या यूएसबी केबलने आलेला प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) पुसला जातो. नंतर तीच चिप अर्डुइनोच्या ऊनो बोर्डात बसवून साध्या यूएसबी केबलने अपलोड करायला गेलात तर ‘नॉट इन सिंक’ येईल आणि बोर्ड बिघडला असे वाटेल. ‘बर्न बूटलोडर’ एकदा केले की पूर्ववत.

आता दुसरी बाजू. खरी डोकेदुखी इथे आहे.

तारा सुरुवातीला तपासा, पण डोळ्यांनी नको, मीटरने. दहा पिनांच्या खोक्यात १ मोसी, २ पाच व्होल्ट, ५ रिसेट, ७ एससीके, ९ मिसो आणि १० ग्राउंड. मोसीवरून डेटा चिपकडे जातो, मिसोवरून परत येतो आणि एससीकेवर त्यांचे ठोके असतात. पट्टीकेबलची लाल कडा म्हणजे पिन १. प्रमाणित मांडणीत ४ आणि ६ याही पिना ग्राउंड असतात, पण यूएसबीएएसपीच्या मूळ आराखड्यात आणि पुष्कळ नकलांत त्यांच्यावर सीरियलच्या तारा आहेत. नेटवरचा एखादा तक्ता पाहून ४ वरून ग्राउंड घेतला की सगळे बरोबर दिसते आणि काहीच चालत नाही. म्हणून ग्राउंड १० वरूनच घ्या. सहा पिनांच्या जोडणीत क्रम असा: १ मिसो, २ पाच व्होल्ट, ३ एससीके, ४ मोसी, ५ रिसेट, ६ ग्राउंड.

अठ्ठावीस पायांच्या एटीमेगा३२८पीवर रिसेट १, मोसी १७, मिसो १८, एससीके १९. मोसी मोसीला आणि मिसो मिसोला जोडायचे. सीरियलच्या टीएक्स-आरएक्स (पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) तारांची सवय असलेली पोरे इथेही तारा उलटसुलट करतात, आणि ही चूक मी सांगतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा होते. पाच व्होल्ट ७ आणि २० या दोन्ही पायांना, ग्राउंड ८ आणि २२ या दोन्हींना. विसावा पाय अॅनालॉगसाठी आहे म्हणून सोडून देऊ नका. चिपच्या अगदी जवळ, ७ आणि ८ च्या मध्ये, १०४ लिहिलेला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. रिसेटवरून पाच व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर.

व्होल्टेज मोजताना मीटरची टोके ब्रेडबोर्डच्या पट्टीवर न टेकवता चिपच्या पायांवर टेकवा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटलेल्या असतात. वरच्या अर्ध्यात पाच व्होल्ट दिसतात, खालच्या अर्ध्यातली चिप उपाशी. पायांवर ४.५ ते ५.२५ च्या दरम्यान मिळाले की पुढे चला. फार कमी मिळाले तर सर्किटवरचा रिले, मोटर ड्रायव्हर किंवा डिस्प्ले पट्टीच्या पाच व्होल्टवर चालतो आहे का पाहा. पोर्टकडून अर्धा अँपिअरच्या वर अपेक्षा ठेवू नये. सर्किटला स्वतःचा अॅडॉप्टर असेल तर पट्टीची पाच व्होल्टची तार काढा, पण ग्राउंडची तार मात्र राहू द्या. दोन्ही तारा एकदम काढून “आता तर वीज स्वच्छ आहे” म्हणणारे पाहिले की हसावे की रडावे कळत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या तारांवर दुसरे पाहुणे नकोत. एसडी कार्ड किंवा एनआरएफ२४एल०१ सारखे रेडिओ मॉड्यूल याच तीन तारांवर बसते, आणि चिप रिसेटमध्ये असताना त्याची निवड-पिन अधांतरी राहिली तर तेही मध्येच उत्तर द्यायला लागते. त्या पिनेला १० किलोओहमने पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून ठेवा, नाहीतर मॉड्यूल काढून प्रोग्रॅम भरा. एससीकेवर रेझिस्टरशिवाय लावलेली एलईडी हाही असाच पाहुणा. आणि हो, पट्टीवरचा ३.३ व्होल्टचा जंपर पाहून निर्धास्त होऊ नका. बहुतेक स्वस्त पट्ट्यांत तो फक्त पुरवठ्याचे व्होल्टेज बदलतो, सिग्नलच्या तारांवर पाच व्होल्टच राहतात. ३.३ व्होल्टचे मॉड्यूल जोडलेले असेल तर ते जळू शकते.

उन्हाळ्यात नागपुरात आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर आहे त्याच बोर्डावर लॅपटॉपचा चार्जर असेल, तर कूलरचा पंप किंवा पंखा चालू-बंद होताना बसणाऱ्या झटक्याने यूएसबी जोडणी मध्येच तुटू शकते. प्रोग्रॅम अर्धा भरून थांबत असेल तर लॅपटॉप पाच मिनिटे बॅटरीवर चालवून पाहा.

तारा, वीज सगळे नीट आहे, चिप कोरी करकरीत आहे आणि तरीही टार्गेट उत्तर देत नाही. बदलून मागायला येणाऱ्यांत ही मंडळी पुष्कळ असतात आणि दोष ना त्यांचा असतो ना पट्टीचा. कोरी एटीमेगा३२८पी कारखान्यातून निघते तेव्हा ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर (ठोके देणाऱ्या भागावर) चालते, पण त्याला आठने भागण्याचा फ्यूज (चिपमध्ये साठवलेली सेटिंग, विजेचा फ्यूज नव्हे) लावलेला असतो. म्हणजे चिपचा खरा वेग १ मेगाहर्ट्झ. प्रोग्रॅमरचा एससीके चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्शाहून कमी असावा लागतो, म्हणजे इथे २५० किलोहर्ट्झच्या आत. यूएसबीएएसपी आपणहून बोलते ३७५ किलोहर्ट्झने. पट्टी भरभर बोलते, चिपला ऐकू येत नाही, एवढेच झालेले असते.

उपाय सोपा आहे. एव्हीआरड्यूडच्या आज्ञेत ‘मायनस मोठा बी’ आणि त्यापुढे १० लिहा, म्हणजे एससीकेचा एक ठोका किमान १० मायक्रोसेकंदांचा होतो आणि वेग १०० किलोहर्ट्झच्या आत येतो. जुन्या फर्मवेअरच्या पट्ट्या ही सूचना मानत नाहीत. ‘कॅनॉट सेट एससीके पिरियड’ असा इशारा येतो आणि पुढे जमेल तसे चालू राहते. एरवी त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले तरी बिघडत नाही, पण कोऱ्या चिपच्या वेळी त्याचा अर्थ असा की वेग कमी झालेलाच नाही. अशा वेळी पट्टीवरचा जेपी३ जोडायचा, मग एससीके सुमारे ८ किलोहर्ट्झवर येतो. पुष्कळ पट्ट्यांवर जेपी३च्या जागी पिना नसतात, नुसती दोन भोके असतात. तिथे पिना डागा किंवा तारेचा तुकडा लावा. एकदा फ्यूज बदलून चिप ८ किंवा १६ मेगाहर्ट्झवर आली की जंपर काढून टाका, नाहीतर ३२ किलोबाइट भरताना कंटाळा येईल.

क्लॉकचा दुसरा सापळा याच्या नेमका उलट आहे. चिप आधी जोडली जाते, मग मरते. ब्रेडबोर्डवर नुसती चिप ठेवून, बोर्ड म्हणून ऊनो निवडून, कोणी ‘बर्न बूटलोडर’ दाबतो. सॉफ्टवेअर आधी फ्यूज लिहिते आणि त्यात सांगते की आता बाहेरच्या १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चाल. मग बूटलोडर भरायला पुन्हा संपर्क साधते, तोवर चिप नसलेल्या क्रिस्टलची वाट पाहत बसलेली असते. चिप जळालेली नाही. ९ आणि १० या पायांमध्ये १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि प्रत्येक पायावरून ग्राउंडला २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा, ती पुन्हा बोलू लागते. क्रिस्टल चिपला चिकटून हवा, लांब तारांवर नको. फ्यूज चुकून ‘बाहेरचा क्लॉक’ असा लिहिला गेला असेल तर क्रिस्टलने भागत नाही, नवव्या पायाला तयार ठोके द्यावे लागतात. ऊनो बोर्डाच्या टायमर१ मधून ८ मेगाहर्ट्झपर्यंतचे ठोके ९ क्रमांकाच्या पिनेवर काढता येतात, पण १ मेगाहर्ट्झही पुरे. दोन्हींचा ग्राउंड एक करा, ‘मायनस बी १०’ लावा आणि फ्यूज दुरुस्त करा.

फ्यूज लिहिताना लक्षात असू द्या की एव्हीआरमध्ये शून्य म्हणजे चालू आणि एक म्हणजे बंद. कोऱ्या ३२८पीचा लो फ्यूज ६२ असतो. आठने भागणे काढून आतल्या ८ मेगाहर्ट्झवर ठेवायचा असेल तर ई२. ऊनोसारखा क्रिस्टल असेल तर एफएफ. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीतले आहेत. हाय फ्यूजमधला रिसेट बंद करणारा बिट मात्र चुकूनही चालू करू नका. तो लिहिला गेला की या पट्टीने ती चिप परत मिळत नाही, १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रॅमर लागतो. चिपमधल्या प्रोग्रॅमला कुलूप लावणाऱ्या लॉक बिटांना मात्र मुले विनाकारण घाबरतात. लॉक झालेली चिपही संपर्कात येते, ओळख सांगते, आणि चिप इरेज केले की कुलूप उघडते.

ओळख म्हणजे सिग्नेचर, आणि ती वाचायला शिकले की निदान लवकर होते. ३२८पीची १ई ९५ ०एफ, एटीमेगा८ची १ई ९३ ०७, एटीमेगा१६ची १ई ९४ ०३, एटीटायनी८५ची १ई ९३ ०बी. सगळी शून्ये किंवा सगळे एफएफ आले तर मिसोची तार किंवा चिपचा वीजपुरवठा पाहा. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर तारा लांब आहेत, ग्राउंड सैल आहे किंवा वेग जास्त आहे. तारा वीतभराहून लांब ठेवू नका. आणि १ई ९५ १४ आले तर काहीच बिघडलेले नाही, तुमच्या हातात पी नसलेली एटीमेगा३२८ आहे. सॉफ्टवेअरला चिपचे बरोबर नाव सांगा. ‘मायनस मोठा एफ’ लावून तपासणी दडपण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, कारण ज्या वेळी खरोखर तार सैल असते त्याच वेळी त्या सल्ल्याने चुकीचे फ्यूज लिहिले जातात.

यूएसबीएएसपी नसेल तर ऊनो बोर्डालाच प्रोग्रॅमर करता येते. उदाहरणांतले ‘अर्डुइनो आयएसपी’ स्केच भरा, १० वरून रिसेट, ११ मोसी, १२ मिसो, १३ एससीके. स्केच भरून झाल्यावर ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ऋण टोक ग्राउंडला. तो नसला तर संपर्क साधताना ऊनो स्वतःच रिसेट होते आणि तिचा बूटलोडर मध्ये तोंड घालतो.

अभ्यासक्रमात अजून ८०५१ हे जुने मायक्रोकंट्रोलर घराणे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे. त्यातली एटी८९एस५२ अशाच तारांवरून प्रोग्रॅम होते, एटी८९सी५१ होत नाही. नावातल्या एस आणि सीमध्ये एवढा फरक आहे आणि दुकानात सी मागून एस समजणारे पुष्कळ. एस५२मध्ये आतला ऑसिलेटर नाही, तेव्हा १८ आणि १९ या पायांवर क्रिस्टल असल्याशिवाय संपर्क होणार नाही. मोसी ६, मिसो ७, एससीके ८, रिसेट ९. इथला रिसेट एव्हीआरच्या उलटा, म्हणजे उंच केल्यावर लागू होतो, त्यामुळे रिसेट चुकीच्या दिशेने गेला तर संपर्क होत नाही. एससीके क्रिस्टलच्या सोळाव्या हिश्शाहून कमी हवा. ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ही मर्यादा सुमारे ६९० किलोहर्ट्झ पडते, म्हणून इथे वेगाचा त्रास सहसा होत नाही.

महाविद्यालयांच्या लॅबप्रमुखांना एक विनंती. प्रत्येक टेबलावर नवी पट्टी देण्याऐवजी लॅबमध्ये एक चालू असल्याची खात्री असलेला संच ठेवावा: पट्टी, वीतभर केबल, आणि झिफ सॉकेट (चिप जोर न लावता बसवता-काढता येणारा खोका), क्रिस्टल, कपॅसिटर व रिसेटचा रेझिस्टर डागलेला छोटा बोर्ड. विद्यार्थ्याने शंका असलेली चिप त्यात घालावी, मग शंका असलेली पट्टी त्या बोर्डाला लावावी. दोनदा अदलाबदल केली की दोष चिपमध्ये, पट्टीत की स्वतःच्या ब्रेडबोर्डावर, हे त्याला कोणालाही न विचारता कळते. असा बोर्ड बनवायला एक दुपार पुरते.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत जागा असेल तर वर दिलेली दहा आणि सहा पिनांची मांडणी चौकटीत छापावी. मुले ती कापून टेबलावर चिकटवतील.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक अध्यापक,
धरमपेठ, नागपूर